खुंट्या बदलू इच्छिणाऱ्या दाजींसाठी नियमावली

ही नियमावली स्वस्त गिटार बाळगणाऱ्या तमाम सद्गृहस्थांसाठी आहे. त्यांपैकी एक जण तंजावर-कुंभकोणम रस्त्यावरच्या पापनाशमला राहतात, वीणा वाजवणाऱ्या बाईंचे पती आहेत आणि नात्याने माझे दाजी लागतात, हा निव्वळ योगायोग समजावा.

नियम १. आधी चोर पकडा. सूर उतरला की आळ खुंटीवर येतो, कारण ती डोळ्यांसमोर असते. खरा चोर पुष्कळदा नटमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत, बसलेला असतो. तार खाचेत अडकते. तुम्ही खुंटी पिळत राहता, सूर जागचा हलत नाही, आणि मग ‘टिंग’ करून तार सुटते ती थेट भलत्याच सुरावर. टिंग ऐकू आली तर शिसपेन्सिलीचं टोक खाचेत घासा. ग्रॅफाइटने तार सरकू लागते. दाजींना हे पटत नाही. ज्याचं पार्सल घरी येत नाही तो उपायच नव्हे, असं त्यांचं मत आहे.

नियम २. तार नीट गुंडाळा. जाड तारेला दोन-तीन वेढे, बारीकला थोडे जास्त, प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली. एकमेकांवर चढलेले वेढे वाजवता वाजवता आवळत जातात आणि सूर उतरतो. नवी तार हाताने ताणून पुन्हा सुरात आणा.

नियम ३. सूर खालून वर आणावा. वर गेलात तर पुरतं खाली या आणि पुन्हा चढा. वरून उतरत आणलात तर खुंटीच्या चाकाच्या दात्यांमधली ढिलाई तारेत उतरते. एवढं एक पाळलं तरी निम्म्या खुंट्यांची बदली टळेल.

नियम ४. हलवून खुंट बळकट करावा. म्हण गाईगुरांच्या गोठ्यातली असली तरी इथे शब्दशः पाळायची. खुंटीची चावी धरून हलवा. टोकाचा बारीक स्क्रू ढिला असेल तर स्क्रूड्रायव्हर शोधा, दुकान नव्हे.

नियम ५. घरात वीणा असेल तर तुलना टाळा. तंजावरी वीणा फणसाच्या लाकडाची, पडदे मेणात बसवलेले, तारा सात. तिची लाकडी खुंटी निव्वळ घर्षणावर उभी राहते. गिटारच्या खुंटीत मळसूत्र असतं. चावी फिरवली की दातेरी चाक फिरतं, पण तारेने कितीही ओढलं तरी चाकाला चावी उलटी फिरवता येत नाही. म्हणजे सगळी यंत्रविद्या दाजींच्या बाजूला आहे. ताईकडे खडूचा एक तुकडा. कावेरीकाठच्या दमट हवेत लाकूड फुगून खुंटी अडते, उन्हाळ्यात सुटते. ताई खडू लावते, खुंटी आत दाबत फिरवते, शेवटचा केसभर फरक तारेच्या खालच्या टोकाच्या लंगरावर काढते आणि वाजवायला बसते. खुंटीबद्दल तिची तक्रार मी ऐकलेली नाही. हल्ली गिटारसारख्या यंत्राच्या खुंट्या लावलेल्या वीणाही मिळतात, हे दाजींनी तिला एकदा सुचवलं. त्या दिवशी रसम जरा जास्तच तिखट होतं.

नियम ६. इतिहास मध्ये आणू नये. सरफोजीराजांनी (राज्यकाळ १७९८–१८३२) तंजावरच्या मराठी दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला होता, म्हणून गिटार हा आपला वारसाहक्क, असं दाजी सांगतात. त्या बँडमध्ये गिटार होती का, हे विचारू नये. ताईही लगेच पापनाशम शिवन् (१८९०–१९७३) यांच्यासारख्या वाग्गेयकाराचं नाव काढते आणि त्यांच्या नावातल्या गावात असलं बेसूर वाजवता, म्हणते. जेवण लांबतं.

नियम ७. तरीही बदलायच्याच असतील तर आधी मोजा. स्वस्त गिटारला बहुधा एका पट्टीवर तीन-तीन खुंट्या असतात. पट्टीवरच्या तीन खुंट्या म्हणजे एका सातबाऱ्यावरचे तीन भाऊ, एकाची हद्द चुकली की तिघंही अडतात. म्हणून तार गुंडाळायच्या पहिल्या दांडीच्या मध्यापासून तिसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. खाचांच्या डोक्याच्या नायलॉन-तारी गिटारमध्ये लगतच्या दोन दांड्यांमधलं अंतर सहसा ३५ मिमी असतं. भोकाचा व्यासही मोजा. आजच्या बंद खुंट्यांना समोरून साधारण १० मिमी लागतो, जुन्या पद्धतीच्यांना त्याहून कमी. मापं जुळेनात तर सुट्या सहा घ्या. भोक वाढवायचं तर रीमरने, हळूहळू. घाईने ड्रिल चालवलं की कपचा उडतो.

नियम ८. आकड्यांना भुलू नका. १८:१ म्हणजे दांडीचा एक फेरा व्हायला चावीचे अठरा. १४:१ पेक्षा सूर बारकाईने लागतो, एवढंच. लागलेला सूर टिकेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

नियम ९. जड खुंट्या नकोत. हलक्या गिटारचं डोकं खाली जातं.

नियम १०. सोनेरी नकोत. दाजी, खरंच नकोत. खुंट्यांची किंमत गिटारच्या किमतीच्या निम्म्यावर गेली की थोडी भर घालून दुसरी गिटार बघावी.

नियम ११. बसवताना स्क्रूची जुनी भोकं उदबत्तीच्या काडीने आणि सुतारी डिंकाने बुजवा, वाळू द्या, नवी बारीक भोकं पाडा, स्क्रूला साबण लावा. कोरडा पिळलात तर डोकं तुटून हातात येतं आणि धड लाकडात राहतं.

नियम १२. एवढं करूनही गिटार बेसूर वाजली तर खुंट्यांना माफ करा आणि रोज अर्धा तास वाजवायला बसा. ताई समोर असेल तेव्हाच बसा. ती शिकवणार नाही, भाजी निवडत राहील, पण सूर जरा हलला की मान वर करून बघते. तिच्याइतका अचूक ट्यूनर बाजारात मिळत नाही, आणि दाजींना तो हुंड्याशिवाय मिळालेला आहे.