हौद्यातला पदयात्री

शनिवारी पहाटे स्वारगेटला, वेल्ह्याच्या एसटीपाशी तो उभा असतो. पाठीवर त्याच्या निम्म्या उंचीची नारिंगी सॅक, सॅकला लोंबणारा स्टीलचा मग आणि चेहऱ्यावर संसारात अडकलेल्या माणसांबद्दल अपार करुणा. "राजगड, तोरणा, रायगड. पायी," तो सांगतो. कुठे निघालात, असं त्याला कुणीच विचारलेलं नसतं. स्वारगेटपर्यंत त्याला शेजारच्या काकांनी स्कूटरवरून सोडलेलं असतं, पण ते मोजायचं नाही. ट्रेक अजून सुरू व्हायचाय.

ही जमात पुण्या-मुंबईत मुबलक आहे. नमुन्याला मी माझाच एक मित्र घेतो, कारण त्याच्याबरोबर मी ही वाट केली आहे आणि त्याने केलेलं सगळं मीही केलं आहे. फरक इतकाच, की मी त्याला चालणं म्हणत नाही.

मार्गासनीला आम्ही एसटीतून उतरलो. गुंजवणे तिथून बरंच आत. मित्राने इंग्रजी व्हिडिओंमध्ये पाहिल्याप्रमाणे रस्त्याकडेला उभं राहून अंगठा बाहेर काढला. अमेरिकेत साडेतीन हजार किलोमीटरची अ‍ॅपलाचियन ट्रेल चालणारी मंडळी गावात जाऊन शिधा आणायला असा अंगठा दाखवतात म्हणे, आणि लोक थांबतात. आपल्याकडे अंगठा दाखवण्याचा अर्थ वेगळा आहे. पहिल्या टेंपोवाल्याने आम्हाला उलट अंगठा दाखवला आणि तो गेला. दुसऱ्याने काच खाली करून विचारलं, "काय झालं बोटाला?"

तेव्हापासून त्याने देशी पद्धत धरली. तळवा खाली करून हात हलवायचा, गाडी मंदावली की दोन पावलं धावायचं आणि "दादा, जरा पुढपर्यंत" म्हणायचं. 'पुढपर्यंत' हा शब्द फार सोयीचा. त्याला शेवट नाही.

कोण थांबतं, याचंही एक शास्त्र आहे. काच वर असलेल्या गाडीला हात करणं म्हणजे हाताचा व्यायाम. थांबतो तो छोटा हत्ती, पिकअप, दुधाचा टेंपो, ट्रॅक्टर. जितकी जास्त लादलेली गाडी, तितकी तिच्यात जागा जास्त. आम्हाला घेतलेल्या पिकअपमध्ये कांद्याची रोपं, एक पाण्याची टाकी, तीन माणसं आणि एक शेळी होती. "बसा मागं," ड्रायव्हर म्हणाला. "फकस्त शेळीला पाय लागू देऊ नगा, पावण्याची हाय." शेळी पाहुण्यांची होती, आम्ही नव्हतो.

अशा प्रवासाला पैसे पडत नाहीत, पण भाडं द्यावं लागतं. ते उत्तरांत. "पगार किती?" इथून सुरुवात होते. मग लग्न, मुलं, जागा स्वतःची की भाड्याची. शेवटी खरा प्रश्न येतो. "ह्ये डोंगर चढायचं कोण पैसं देतं व्हय तुमाला?"

"नाही हो, आम्हीच खर्च करतो."

ड्रायव्हर गप्प झाला. पुढच्या वळणावर त्याने आमच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. घरी कोणी सांभाळणारं आहे ना, असा तो भाव होता. मग त्याने मोबाइलवर सातबाऱ्याचा फोटो दाखवून चुलत्याने बांध कसा कोरला ते सांगितलं आणि सल्ला मागितला. मित्र संगणकाच्या कंपनीत आहे, जमिनीतलं त्याला कुंडीपलीकडे काही कळत नाही. तरी गुंजवण्यापर्यंत त्याने "मोजणी मागवा" असं तीनदा ठामपणे सांगितलं. मोजणी मागवा हा सल्ला चुकत नाही.

पुढचे दोन दिवस तो खरंच चालला, हे कबूल केलं पाहिजे. चोर दरवाजाने राजगड, पद्मावतीच्या देवळात मुक्काम, सकाळी संजीवनी माचीवरून उतरून डोंगरधारेने तोरणा, रात्री मेंगाईच्या देवळात. तिकडे टेंपो येत नाही. बुधला माचीवरून खाली उतरल्यावर मात्र पुढे मोहरीपर्यंतच्या लांबलचक पल्ल्यात मध्येच गाडीरस्ता लागला आणि लगेच त्याचा गुडघा दुखू लागला. गुडघ्याला डांबराचा वास येतो, असं माझं निरीक्षण आहे. पाच मिनिटांत तो दुधाच्या रिकाम्या किटल्यांत बसला होता.

मोहरीत एका घरापाशी पाणी मागितलं. आतून म्हातारीचा आवाज आला, "नुसतं पानी नका पिऊ उन्हाचं, बसा." मग पितळी ताटलीत नाचणीची भाकरी, कांदा, लसणाची चटणी आणि ताक आलं. मित्राने आधी फोटो काढला. अमेरिकेत असं वाटसरूंना खाऊ घालणाऱ्यांना 'ट्रेल एंजल' म्हणतात, असं तो मला खाता खाता सांगत होता. म्हातारीने "काय म्हनत्यात?" असं विचारलं. "देवदूत," मी म्हणालो. "आजून एक घाला म्हनत्यात व्हय," असं म्हणून तिने त्याच्या ताटलीत चौथी भाकरी टाकली.

निघताना पैसे देण्याचा विधी झाला. त्यातही त्याची रीत पाहण्यासारखी आहे. पहिल्यांदा नोट पुढे करताना आवाज मोठा असतो. समोरचा नाही म्हणतो. दुसऱ्यांदा आवाज निम्म्यावर येतो. तिसऱ्यांदा फक्त ओठ हलतात आणि नोट खिशाच्या वाटेला लागलेली असते. म्हातारीने पैसे घेतले नाहीत, तेवढी गुडघ्याची गोळी आहे का, असं विचारलं. त्याच्या औषधांच्या डब्यात सर्पदंशापासून समुद्र लागण्यापर्यंतची माहितीपत्रकं होती. गुडघ्याच्या गोळ्या त्याने स्वतः खाल्ल्या होत्या.

बोराट्याच्या नाळेने आम्ही कोकणात उतरलो. एका अंगाला लिंगाण्याचा सुळका, पायाखाली घरंगळणारे धोंडे, आणि मदतीला येणारं कोणीही नाही. या तीन तासांत तो आई-वडिलांविषयी फार प्रेमाने बोलला.

खाली सडक लागली तेव्हा एक मंडपवाला पाचाडकडे निघाला होता. हौद्यात बांबू, ताडपत्री आणि लग्नातली ती लाल मखमलीची, सोनेरी पाठीची दोन सिंहासनं. उभं राहायला जागा नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "बसा की खुर्चीवर, वरात रातच्याला हाय." १६७४ साली ज्या गडावर राज्याभिषेक झाला, त्याच्या पायथ्याशी आमचा पदयात्री नवरदेवाच्या खुर्चीत बसून आला. पाचाडची पोरं टेंपोमागे धावत होती. मला नवरीची खुर्ची मिळाली होती, म्हणून मी फार बोलत नाही. पुढे तो रोपवेने वर गेला.

घरी परतल्यावर त्याने जाहीर केलं, "पूर्ण पायी. कुणाच्या जिवावर नाही." फोनमधल्या चालणं मोजणाऱ्या अ‍ॅपने त्याचं अभिनंदनही केलं होतं. चौथ्या दिवशी त्याने ताशी त्रेचाळीस किलोमीटर वेग गाठला होता.

आता त्याच्या गाडीविषयी. पांढरी, पाच जणांची, रोज एकाची. नसरापूर फाट्यावर परवा एका माणसाने तळवा खाली करून हात हलवला, अगदी आमच्याच पद्धतीने. मित्राने काच वर केली. मी पाहिलं तसा तो म्हणाला, "२०१८ साली ऐरोलीत एकाने भर पावसात तिघांना लिफ्ट दिली आणि दंड त्यालाच झाला. मोटार वाहन कायदा, कलम ६६. परवाना लागतो." बातमी खरी आहे. मी विचारलं, मग त्या पिकअपवाल्याकडे परवाना होता का? तो म्हणाला, "त्याची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे शेळी होती."

तर येत्या शनिवारी तुम्ही वेल्ह्याच्या बाजूला निघाला असाल आणि मार्गासनीच्या आसपास नारिंगी सॅक दिसली, तर थांबा. त्याला घ्या. मागे बसवा, शेळीची काळजी घ्यायला सांगा आणि पगार तेवढा न चुकता विचारा.