सुलतान, साहेब आणि गणपती

पुतणीनं न्यू जर्सीहून घरच्या ग्रुपवर पोराच्या डब्याचा फोटो टाकला: पीनट बटर आणि जेलीचं सँडविच. लीड्सच्या भाच्याला तो पाहूनच मळमळलं. त्याच्याकडे जेली म्हणजे वाढदिवसाला बशीत थरथरणारा लाल गोळा, तो पावाला फासायचा कसा? पुतणी म्हणाली, द्राक्षाचा रस गाळून साखरेत आटवला की जेली. मग जॅम म्हण की, भाचा म्हणाला. जॅममध्ये गर असतो, ती म्हणाली.

द्राक्ष आणि शेंगदाणा एका वाक्यात आल्यावर तासगावकरानं गप्प बसावं, ही अपेक्षाच चुकीची. मी लांबलचक निवाडा लिहिला: अमेरिकेतल्या आया रोज सकाळी डब्यात भरतात ते आमच्या तालुक्याचंच पीक, फक्त भाकरीऐवजी पावात. पुतणीनं कळवलं, ‘काका, ही काँकर्डची जेली. काळीनिळी, बियांची द्राक्षं.’ बियांची! आमच्याकडे असली द्राक्षं पुढं ठेवली तर ठरलेली सोयरीक मोडेल. त्यात भाच्यानं शोधून काढलं की बोस्टनच्या पाककलेच्या मासिकात 1901 साली ज्युलिया डेव्हिस चँडलर यांनी ही कृती दिली, तेव्हा जेली करंटची किंवा क्रॅबअ‍ॅपलची सुचवली होती. द्राक्षाचं नावच नाही. बाईंवर माझा आजही राग आहे.

आता थॉम्पसनची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. (घरची मंडळी इथं पाणी प्यायला उठतात.) पश्चिम आशियातलं एक बिनबियांचं द्राक्ष, त्याच्या बेदाण्याला इंग्रज सुलताना म्हणतात. विल्यम थॉम्पसन नावाच्या इंग्रजानं कॅलिफोर्नियात 1870च्या दशकात त्याची वेल वाढवली, म्हणून अमेरिकेत तेच द्राक्ष थॉम्पसन सीडलेस झालं आणि त्याचा बेदाणा नुसता रेझिन. ते फिरत फिरत आमच्याकडे आलं आणि बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी त्यातून नवा वाण निवडला: तास-ए-गणेश. ‘तास’ गावाचा, ‘ए’ आर्व्यांचा आणि गणेश आमचा उजव्या सोंडेचा. एकाच वेलीवर सुलतान, साहेब आणि गणपती! असलं सर्वपक्षीय पीक दुसरं दाखवा. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. अर्ज मीच केला होता असा लोकांचा समज झाला. मी तो मोडला नाही.

पण मिरवणं माझं आणि राबणं भलत्याचंच. चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा हाती येतो, आणि तो जाळीवर असताना मार्चात आभाळ भरून आलं की शेडवर कुणाला झोप लागत नाही. मग बायका मांडी घालून निवडायला बसतात. काडी वेगळी, काळा मणी वेगळा. दिवसभर मान खाली. तोच माल सौद्याला गेला की बॉक्स फोडायचा, मूठ भरायची, तोंडात चार दाणे टाकायचे आणि उरलेले खाली उधळायचे. त्या बेदाण्यांवरून चपला घालून माणसं हिंडतात. तिथं मला विनोद सुचत नाही. मी खाली वाकून दोनचार दाणे उचलतो, तर शेजारचा म्हणतो, ‘राहू द्या हो, लग्नात अक्षदा वेचता का?’

शेवटी दोघांनाही घरचा बेदाणा आणि शेंगदाण्याची चटणी पाठवायचं ठरवलं. कुरिअरच्या मुलीनं विचारलं, ‘काका, आत काय आहे, इंग्रजीत काय लिहू?’ अमेरिकेच्या खोक्यावर रेझिन लिही, मी म्हटलं, इंग्लंडच्या खोक्यावर सुलताना. तिनं संशयानं दोन्ही पिशव्या पाहिल्या. ‘माल तर एकच दिसतोय. दोन्हीकडे एकच नाव सांगा, नाहीतर पार्सल अडकतंय.’

एकच म्हणताच माझी छाती फुगली. ‘मग लिही, तास-ए-गणेश.’

तिनं पेन खाली ठेवलं. ‘मूर्ती असली तर पॅकिंगचे जादा पडतील, काका.’