'फक्त दहा मिनिटांवर' यांस अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. फक्त दहा मिनिटांवर,
मुक्काम पोस्ट : हॉटेलच्या जाहिरातीतली दुसरी ओळ, स्विमिंग पूलच्या फोटोखाली.

विषय : आपली भेट न झाल्याबाबत.

सा. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात आपली गाठ पडेल या आशेनं आम्ही नऊ जण साताऱ्याहून निघालो होतो. मी, सौ., आमची दोन मुलं, मेव्हणे, त्यांच्या सौ., त्यांची दोन मुलं आणि माझी आई, वय ७६. दोन दिवस, दोन रात्री आणि एक अख्खा घाट पालथा घालूनही आपण काही दिसला नाहीत. आजारी वगैरे नाही ना, ही काळजी वाटली म्हणून हे पत्र.

प्रसंग थोडक्यात सांगतो. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली इमॅजिका हे मनोरंजन पार्क सुरू झालं, तेव्हा आमची मुलगी अजून पाळण्यात होती. 'या सुट्टीत नक्की' हे वाक्य मी तिला ती बोलायला लागल्यापासून ऐकवत आलो. यंदा तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की फेब्रुवारीतच 'खोपोली फायनल' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. त्यात पुढचे अडीच महिने काहीही फायनल झालं नाही.

हॉटेल निवडणं म्हणजे काय, हे आपल्याला कळायचं नाही, कारण आपण नेहमी निवडूनच येता. आमच्याकडे प्रत्येकाचा निकष वेगळा. मेव्हण्यांना नाश्ता फुकट हवा. मुलीला वायफाय हवं, तेही खोलीत, लॉबीत नव्हे. पोरांना पूल हवा, आणि आपण मुळात पाण्यात डुंबायलाच चाललोय हे सांगून काही उपयोग नाही. सौ. बाथरूमचे फोटो दोन बोटांनी मोठे करकरून टाइल्सच्या फटी बघत होती. मी फक्त दर बघत होतो आणि 'बाकी तुम्ही ठरवा' म्हणत होतो. पार्कच्या दाराशीच एक मोठं हॉटेल आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नऊ माणसांचा हिशेब मांडून झाल्यावर त्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आई ग्रुपवर नव्हती. तिच्याकडे बटणांचा फोन आहे.

अशा वेळी खंडाळ्याच्या एका हॉटेलच्या पानावर आपलं दर्शन झालं. वर दरीचं दृश्य, खाली निळा पूल आणि मध्ये आपण : 'फक्त दहा मिनिटांवर!' कशापासून, ते लिहिलं नव्हतं. पार्कमुळेच आम्ही तिथवर पोचलो असल्यानं पार्कपासून, असं आम्ही धरून चाललो. दरी, पूल, नाश्ता आणि दहा मिनिटं! पाच मतं पडली, ठराव मंजूर झाला.

शुक्रवारी संध्याकाळी काउंटरवर मी सहज म्हणालो, "म्हणजे उद्या सव्वादहाला निघालो तरी चालेल." तिथला मुलगा फार सज्जन होता. म्हणाला, "नाही सर, ते दहा मिनिटं एक्सप्रेसवेला लागायला. पुढचं ट्रॅफिकवर आहे."

मी मोबाइल उघडून दाखवला. बुकिंगच्या पानावर अंतर होतं साडेनऊ किलोमीटर. तो म्हणाला, "ते सरळ रेषेत असतं सर." अगदी बरोबर. सरळ रेषेत आमच्या बाल्कनीतून नागफणीचा कडा दिसत होता आणि त्याच्यापलीकडे खाली कुठेतरी आमचं पार्क होतं. मध्ये फक्त सह्याद्री होता, उंचीनं पाचशे मीटरहून जास्त. त्या रेषेवरून कुणी जात असेल तर तो दरीत जातो. रस्त्यानं अंतर दुपटीहून जास्त.

आपल्यावर विश्वास ठेवणारा मी पहिलाच नव्हे, हा मला मोठा दिलासा आहे. १६६१ साली कारतलबखान नावाचा मोगल सरदार कोकणात उतरायचा म्हणून लोणावळ्याच्या बाजूनं याच नागफणीजवळच्या कुरवंडे घाटानं निघाला. वाट जवळची होती आणि गुपचूप जाता येईल अशी होती. खाली उंबरखिंडीत रान दाट, वाट चिंचोळी, पाणी नाही आणि दोन्ही तोंडांना शिवाजी महाराजांची माणसं. खानाबरोबर रायबागन ही वऱ्हाडातली कर्तबगार सरदारीण होती. शरण जावं हे तिनंच त्याला समजावलं, असं सांगतात. सगळं सामानसुमान टाकून खान जीव घेऊन परतला. ती उंबरखिंड पार्कहून फार लांब नाही, याच पाली रस्त्याच्या आत आहे. तिथं स्मारकही आहे. ही हकिकत मी रात्री खोलीत रंगवून सांगितली, तेव्हा सौ. म्हणाली, "मी फेब्रुवारीतच म्हणत होते, खाली खोपोलीत घ्या." मी पुढे इतिहास वाढवला नाही.

आपल्या घराण्याचीही थोडी चौकशी केली. मूळ गाव अमेरिकेत, कॅलिफोर्नियातलं अनाहाइम. १९५५ साली वॉल्ट डिस्नेनं तिथं डिस्नेलँड उघडलं, पण सगळा पैसा पार्कातच गेल्यानं हॉटेल बांधायला काही उरलं नाही. मग टीव्हीच्या धंद्यातल्या जॅक रॅदर नावाच्या गृहस्थाला गळ घालून त्याच्याकडून शेजारी हॉटेल बांधून घेतलं. पाठोपाठ मोटेलांची ही रांग लागली. पार्क याचं आणि मुक्कामाचे पैसे शेजाऱ्यांचे! डिस्नेच्या हे इतकं मनाला लागलं की पुढे फ्लोरिडात वेगवेगळ्या कंपन्यांची नावं पुढे करून त्यानं गुपचूप सुमारे २७,००० एकर जमीन घेतली. आमच्या साताऱ्यात जमिनीच्या व्यवहारात मुरलेली माणसं आहेत, त्यांनीही ऐकून कानाला हात लावले. १९७१ साली तिथलं पार्क उघडलं, तेव्हा सोबत स्वतःची दोन हॉटेलं तयार होती आणि त्यातल्या एकाच्या पोटातून मोनोरेल जात होती. म्हणजे अंतर विकता येतं हे त्या मंडळींनी ओळखलं, पण निदान ते आधी बांधलं तरी. आपण नुसतेच छापून येता.

आता दहा मिनिटांचा हिशेब. वादासाठी धरून चालू की रस्ता खरोखर दहा मिनिटांचा आहे. पण रस्त्याला लागायचं कसं? दोन खोल्या, दोन बाथरूम, माणसं नऊ. गीझर १५ लिटरचा. त्यात दोघांची आंघोळ होते आणि तिसरा ओरडतो. बाथरूममध्ये काचेचा शॉवर होता, पण बादली नव्हती. आईनं आयुष्यात उभ्यानं आंघोळ केलेली नाही. बादली आणि मग मागवला तर खाली शोधाशोध झाली आणि अखेर फरशी पुसायच्या खोलीतून एक हिरवी बादली धुऊन वर आली. मगाऐवजी चहाचा थर्मास आला. हे सगळं होईतो मेव्हणे नाश्त्याला बसले होते. 'पैसे दिलेत' हा त्यांचा जीवनमंत्र. पोहे, उपमा, इडली, पुन्हा पोहे आणि शेवटी, टोस्टरशी ओळख असावी म्हणून, चार टोस्ट. दुपारी रोलर कोस्टरच्या रांगेतून ते एकदम बाहेर का आले, ते आपल्याला सांगायला नको.

खोल्यांचंही तसंच. आमचा धाकटा नऊ वर्षांचा. एसटी त्याला अर्धा मानते. पार्क त्याला दाराशी पट्टीला उभा करतं आणि उंची बघून ठरवतं. हॉटेलानं त्याला पूर्ण माणूस मानून 'एक्स्ट्रा बेड' लावला. हा बेड म्हणजे जमिनीवर टाकलेली गादी. आईला पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, तिच्यासाठीही गादी लागली. शिवाय चेक-इन दुपारी दोनला आणि चेक-आउट सकाळी अकराला. म्हणजे हॉटेलचा दिवस २१ तासांचा. उरलेल्या तीन तासांत माणसानं कुठं असावं, याचं उत्तर कुणाकडेच नाही. आम्ही रविवारी ते तीन तास महडच्या वरदविनायकाला घातले. एवढ्या लांब येऊन अष्टविनायकांतला एकही गणपती न करता परतणारं मराठी कुटुंब अजून जन्मायचं आहे. तिथं आईच्या चेहऱ्यावर जे आलं, ते आदल्या दिवशी आलं नव्हतं.

आदल्या दिवसाचंच सांगायचं आहे, आतापर्यंत टाळत होतो.

शनिवारी घाट उतरायला ट्रकांच्या मागून पाऊण तासावर वेळ गेला. पार्कात शिरल्याबरोबर सगळे पांगले. एका मोठ्या राइडच्या बाहेर सावलीत बाक होता, तिथं आई बसली आणि आमचं सामान तिच्यापाशी जमा होत गेलं. सहा मोबाइल, दोन चष्मे, मेव्हण्यांचं पाकीट, पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि धाकट्याची एक चप्पल (दुसरी अजून सापडलेली नाही). ती सगळ्यावर पदर टाकून बसली होती, मंगल कार्यालयात नवरीचे दागिने सांभाळावेत तशी. मी मधूनमधून येऊन बघून जात होतो. एकदा म्हणाली, "वर जाताना सगळे आपापल्या वयाचे दिसतात रे. खाली येताना सगळे एकाच वयाचे." मला गंमत वाटली. आई मजेत आहे, असा मी अर्थ काढला.

अडीचच्या सुमाराला ऊन अंगावर आलं. आईनं बाकावर पाय वर घेतले होते आणि गुडघा चोळत होती. अगदी हळू म्हणाली, "जरा पाठ टेकायला मिळाली असती तर बरं झालं असतं."

मी मनात हिशेब केला. घाट चढून खोलीवर सोडायचं, परत उतरायचं, म्हणजे दोन तास गेले. तिकिटांचे पैसे, मुलांचं तोंड आणि अजून न झालेल्या चार राइड, सगळं डोळ्यांपुढं आलं. मी म्हणालो, "येतोच हं आई, ही एक राइड झाली की." आणि गेलो. पुढे तिनं हाक मारली होती म्हणे. वर ओरडणाऱ्यांचा आवाज मोठा होता. मला ऐकू आली नाही.

संध्याकाळी परतीला सगळी मुंबई शनिवार घालवायला लोणावळ्याकडे चढत होती. पावणेदोन तास लागले. गाडीत सगळे झोपले होते. आई जागी होती, पाय लांब करता येत नव्हता म्हणून. खोलीवर पोचल्यावर पोरांनी पोहायचे ओले कपडे बाल्कनीच्या कठड्यावर पसरले. त्या कठड्यावर 'येथे कपडे वाळत घालू नयेत' अशी पाटी होती. त्यावर मेव्हण्यांची चड्डी बरोबर बसली. खाली दरीचं दृश्य होतं. कुणीही बघितलं नाही.

रात्री गादी घालून देताना मी आईला म्हणालो, "पुढच्या वेळी हॉटेल तू ठरव." ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं! एवढंच विचारा की दुपारी एकटीला परत येता येतं का. बाकी तुम्हाला आवडेल ते घ्या."

रा. रा. फक्त दहा मिनिटांवर, अडीच महिने ग्रुपवर आम्ही पूल, पोहे आणि टाइल्स यांवर खल केला. जे सगळ्यात शेवटी दमणार, त्या सगळ्यांना आम्ही विचारलं. जिचा पाय आधी दुखणार होता, ती ग्रुपवर नव्हती. सकाळी जाताना हॉटेल लांब असलं तरी कुणाचं अडत नाही, तेव्हा सगळेच ताजे असतात. अंतराचा खरा भाव दुपारी अडीचला कळतो, तेही एकाच माणसाला.

म्हणून आपल्याला नम्र विनंती. पुढच्या आवृत्तीत आपल्या नावात थोडी भर घालावी : 'दुपारी अडीचला, रिक्षानं, गुडघा दुखणाऱ्या एकट्या माणसाला, दहा मिनिटांवर.' ओळ लांब होईल, फोटो थोडा लहान करावा लागेल. बादलीचाही उल्लेख आल्यास उत्तम.

आणि हे खरं असेल तर आम्ही आपल्याकडे नक्की उतरू. दरी नसली तरी चालेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
आपल्या शोधात असलेला एक सातारकर

ता. क. : दिवाळीत शिर्डीला जायचं घाटतंय. तिथं वॉटर पार्कही आहे आणि साईबाबाही. मेव्हण्यांनी कालच एका हॉटेलची जाहिरात पाठवली. तीत आपले धाकटे बंधू भेटले : 'मंदिरापासून हाकेच्या अंतरावर.' या वेळी शहाणपणानं मी ती आधी आईला वाचून दाखवली. तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "हाकेचं अंतर कुणी मोजलं? ते हाक कुणाला मारली, त्यावर असतं."