दोनाचे पाच

परवा एका पंचांनी सिहोऱ्याच्या पोरांना सांगितलं की बास्केटबॉलमध्ये १, २ आणि ३ हे आकडे नसतात. सामना कुठे होता, कोणता होता, ते विचारू नका. गळ्यात शिट्टी, खिशात घडी पडलेली नियमपुस्तिका आणि चेहऱ्यावर कोतवालाची ऐट, असा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. पुढच्या वर्षीही पाहाल.

पोरांच्या जर्सीवर १ ते १२ नंबर होते. आमच्याकडच्या शाळेत जर्सीचा संच एकच असतो. व्हॉलीबॉलला तोच, कबड्डीला तोच, आणि २६ जानेवारीला लेझीम निघाली तर तिलाही तोच. छापणारा एकपासून मोजत जातो, कारण त्याला पहिलीत तसंच शिकवलेलं असतं. पंचांनी पोरं रांगेत उभी केली, छात्या वाचल्या आणि निकाल दिला, "एक, दोन, तीन बाहेर. चार ते पंधराच चालते."

खोटं बोलत नव्हते बिचारे. होता असा नियम. या खेळात पंच बोटांनी बोलतो. एक बोट म्हणजे एक गुण, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. वर रिंगखालच्या चौकटीत कुणी रेंगाळला तर तीन सेकंदांच्या दोषालाही तीनच बोटं. तेव्हा खेळाडूंचे नंबर चारपासून ठेवले, म्हणजे टेबलावरच्या गुणलेखकाचा घोटाळा व्हायला नको. दहापर्यंत दोन हातांची बोटं पुरतात. अकराला उजवी मूठ आणि डाव्या हाताचं एक बोट, असं करत पंधराला मूठ आणि पंजा. तिथे बोटं संपली, म्हणून नंबरही संपले. जगभरची उंचच उंच माणसं कित्येक वर्षं पंचांच्या बोटांच्या हिशेबाने शर्ट घालत होती.

पण २०१४ साली जागतिक नियमपुस्तकातून ही अट गेली. तेव्हापासून ०, ००, आणि १ ते ९९ यांतला कुठलाही नंबर चालतो. सोळापासून पुढे पंचाने आधी हाताची मागची बाजू दाखवून दशक सांगायचं, मग तळवा दाखवून एकक. म्हणजे अडचण गणिताचीसुद्धा उरलेली नाही. त्या वर्षी आता थांबवलेली ही पोरं अंगणवाडीत खिचडी खात होती.

त्याच २०१४ च्या मे महिन्यात बैलांच्या शर्यतींवर बंदी आली. आमचा मुलूख शंकरपटाचा, म्हणजे याच शर्यतींचा. बंदीची बातमी गावोगावी त्याच दिवशी पोचली, गोठ्यातल्या बैलालाही कळली असावी. डिसेंबर २०२१ मध्ये बंदी उठली, तेव्हा तर दावणीच्या जोड्या बाहेर निघायला रात्रही थांबावं लागलं नाही. जर्सीच्या नंबराची बातमी मात्र तुमसरहून सिहोऱ्याकडे निघाली ती अजून बपेऱ्याच्या रस्त्यावर कुठेतरी पंक्चर होऊन उभी आहे. एका पोराने मोबाईलवर नवा नियम काढून दाखवला. पंच म्हणाले, "मोबाईलवर काहीही येते. वरून पत्र आलं का?" पत्र आलं नव्हतं. वरून पाऊस येतो, बावनथडीचं पाणी येतं, पत्र काही आलं नव्हतं.

मग सुरू झाली चिकटपट्टी. दवाखान्यातली, पांढरी. १ च्या पुढे पट्टीचा ४ लावला, १४ झाला. ३ च्या मागे पट्टीची उभी रेघ मारली, १३ झाला. राहिला २. त्याच्या मागे रेघ मारली तर १२, आणि १२ नंबरचा शर्ट घालून एक पोरगा आधीच उभा. पुढे आकडा लावावा तर वीसच्या घरात जातो, तिथे तर साक्षात अधर्म. मोकळा उरला होता एकच नंबर, १५. आता दोनाचे पंधरा कसे करायचे? लग्न लावून दोनाचे चार करता येतात, पण ही पोरं सतरा वर्षांखालची. पोरांचे सर घामाघूम झाले. पंच घड्याळ बघू लागले. आणि कोपऱ्यातून एक बारकं पोरगं म्हणालं, "सर, शर्ट उलटा घाला ना." इंग्रजी दोन, चौकोनी धाटणीचा, उलट्या बाजूने पाहिला की पाच दिसतो. जर्सीचं कापड देणगीचं, त्यामुळे इतकं पातळ की छातीवरचा आकडा आरपार वाचता यावा. शर्ट उलटला, दोनाचे पाच झाले, मागे पट्टीची रेघ मारली, पंधरा. पंच दोन पावलं मागे सरले, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "आता कसं नियमात बसलं." शिवण बाहेर, कॉलरखालची धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी मानेमागे लोंबतेय, आणि पोरगं नियमात.

हा खेळ १८९१ साली अमेरिकेत सुरू झाला, तेव्हा पीच फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या होत्या. टोपल्यांना बूड होतं. दर गोलनंतर कुणीतरी वर चढून चेंडू काढून आणायचा, मग पुढचा खेळ. बूड कापून टाकलं की चेंडू आपोआप खाली पडेल, हे सुचायला त्या लोकांनाही वेळ लागला. त्यांना हसायचा हक्क आपल्याला नाही. आपल्याकडे बूड कधीच कापून झालंय, पण शिडीवाला कामावर आहे आणि शिडी लावल्याशिवाय गोल धरायचा नाही असं त्याचं म्हणणं आहे.

तशा या मंडळींच्या खिशात अजून बऱ्याच शिड्या आहेत. डोकं झाकून खेळायचं नाही, हा नियम २०१७ मध्ये सैल झाला. इथे मात्र पटका पाहिला की शिट्टी. चेंडू आपल्या अर्ध्या मैदानातून पुढे न्यायला दहा सेकंद मिळायचे, त्याचे आठ झाले २००० साली. हे दहाच मोजतात, आणि तेही तोंडाने. चोवीस सेकंदांचं घड्याळ तर या मैदानाने जन्मात पाहिलेलं नाही, तेही तोंडानेच. सातव्या सेकंदाला चहा आला तर आठवा सेकंद चहानंतर येतो.

इथपर्यंत मी हसतच होतो. मग मुलींचा सामना सुरू झाला.

मुलींचा चेंडू ६ नंबरचा असतो, मुलांचा ७ चा. सहाचा चेंडू आकाराने लहान आणि वजनाने हलका. हा काही गुप्त नियम नाही, नंबर चेंडूवरच ठसठशीत छापलेला असतो. मैदानात चेंडू एकच होता आणि तो ७ चा होता. त्याच चेंडूने मुली खेळल्या. पहिल्या दहा मिनिटांत एकीचं बोट सुजलं, ती पाण्याच्या ड्रमात हात बुडवून बसली. ज्यांना छातीवरचा ३ वीस पावलांवरून खुपला, त्यांना हातातल्या चेंडूवरचा ७ दिसला नाही! रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर हवी. ही एका बाजूला वाकलेली, दुसरीकडे जाळीच नाही, त्यामुळे चेंडू आतून गेला की बाहेरून, हे शेवटी पंचांच्या मनावर. मैदानाला मधोमध चीर, तिच्यात गवत. याला नियम नाहीत का? आहेत की, सगळे त्याच पुस्तिकेत आहेत, जर्सीच्या पानाच्या आधीच. पण चीर बुजवायची तर कुणाला तरी जाब विचारावा लागतो. सहाचा चेंडू मागायचा तर कुणाच्या तरी कपाटाची किल्ली मागावी लागते. पोराला शर्ट बदलायला सांगायला काय लागतं? पोरगं उलटून बोलत नाही. पोरगं फक्त शर्ट उलटा करतं. नियम नेमका तिथेच कडक होतो जिथे समोरचा पंधरा वर्षांचा असतो आणि संध्याकाळची गाडी चुकली तर त्याला सिहोऱ्याला पोचायची पंचाईत असते. बोट सुजलेल्या पोरीला मी विचारलं, तक्रार का केली नाहीस? ती म्हणाली, "पुढच्या वर्षी तेच सर राहतात ना."

असो. मुलांच्या सामन्याकडे वळतो, कारण त्याचं पुढे जे झालं ते मला बसून रचता आलं नसतं.

पहिल्याच डावात दोनाच्या पंधरावाल्याला घाम फुटला आणि छातीवरची पट्टी गळून पडली. थोड्या वेळाने पाठीवरचीही गेली. राहिला उलटा दोन, म्हणजे पाच. त्याने फाऊल केला. पंचांनी छाती वाचली आणि टेबलाकडे पंजा दाखवला. मूठ नाही, नुसता पंजा. गुणलेखकाने ५ नंबरच्या नावापुढे खूण केली. पोरगं अंगाने आडदांड, फाऊल करायचा हात सढळ. पुन्हा पंजा. पुन्हा खूण. तिसऱ्या डावात पाचवा पंजा वर गेला आणि टेबलावरून पुकारा झाला, "पाच फाऊल, नंबर पाच बाहेर."

खरा ५ नंबर बाकावर बसून केळं सोलत होता. त्या दिवशी त्याचा पाय रेषेच्या आत पडलाच नव्हता. तो केळं हातात घेऊन उभा राहिला. पंचांनी त्याची छाती वाचली, सुलट पाच, स्वच्छ पाच, आणि बोट करून त्याला मैदानाच्या पार बाहेर, कडुलिंबाखाली पाठवलं. समोरच्या संघाने आरडाओरडा केला. पंच म्हणाले, नंबर पाच, फाऊल पाच, नियम स्पष्ट आहे. आमचे सर गप्प बसले. पाच फाऊल केलेला आडदांड शेवटपर्यंत खेळला. मी तिथे असून गप्प बसलो, हेही लिहून ठेवतो.

रात्री घरी पोचल्यावर त्या पाच नंबरवाल्याला आजीने ओसरीवरच गाठलं. बातमी आधीच पोचली होती. या बातम्यांची गाडी मात्र कधी पंक्चर होत नाही.

"का गा, पाच-पाच फाऊल केले म्हणते तू?"

"मी तं खेळलोच नाही, आजी."

"खेळलाच नाही," आजी म्हणाली, "तं मंग तुले काढलं काहून?"