सातबाऱ्याचे कैवारी
पश्चिम घाटातल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्याची सर्वाधिक काळजी खाणवाल्यांना आणि प्लॉटविक्यांना वाटते, हे किती हृद्य! घाटाच्या संरक्षणासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीचा 2011चा अहवाल वरून लादलेला, अशी ओरड झाली. निर्बंध ग्रामसभांशी बोलून ठरवा, असे सांगणारा मात्र तोच अहवाल होता. पुढे कस्तुरीरंगन समिती आली आणि 2014पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदेच निघत राहिले, 2024मध्ये सहावा. गावकऱ्यांची भीती अगदीच पोकळ नाही: दिल्लीत रंगवलेल्या नकाशावर कोण विश्वास ठेवील? पण मसुद्यात बंदी आहे ती खाणी, वाळूउपसा, औष्णिक वीजप्रकल्पांवर. राहत्या घराची दुरुस्ती आणि मालकी हस्तांतर यांना मोकळीक आहे. यातली कोणती ओळ शेतकऱ्याला वाचून दाखवायची, हे अर्थात कैवारीच ठरवतात.