अजून जरा थांबू या
संगणक-प्रतीक्षा व्रताचा सविस्तर विधी

नवा कॉम्प्युटर कोणता घ्यावा हे सांगायला गल्लोगल्ली माणसं आहेत. भाचा सांगतो, शेजारचे सांगतात, केबलवालाही बिल घेता घेता सांगून जातो. पण जुना धडधडत असताना नवा घेणं वर्षानुवर्षं कसं लांबवावं, आणि तेही चिकट न दिसता अभ्यासू दिसून, याचं मार्गदर्शन करणारं कुणी भेटत नाही. प्रस्तुत लेखकाची या क्षेत्रातली साधना चौदा वर्षांची आहे. रामाचा वनवास तेवढ्यात संपला होता. पण रामाला परत जायची तारीख माहीत होती, आणि तारीख ठरलेली असली की त्याला व्रत म्हणता येत नाही.

अधिकारी कोण

ज्याच्या टेबलाखाली दहा वर्षांचा सीपीयू आहे, तो या व्रताचा अधिकारी. (सीपीयू म्हणजे खरं तर आतली बिस्किटाएवढी चकती. पण आपल्याकडे सबंध डब्यालाच ते नाव पडलंय, दुरुस्तीवालाही तेच म्हणतो, तेव्हा आपण उगाच शहाणपणा करू नये.) माझा डबा 2014 च्या दिवाळी पाडव्याचा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबल्यापासून एक्सेल उघडेपर्यंत सहा मिनिटं लागतात. तेवढ्यात आधण ठेवणं, दुधाच्या पिशव्या आत घेणं आणि पेपरातलं पहिलं पान हे सगळं होतं. बटण दाबून ज्याला निर्धास्तपणे आंघोळीला जाता येतं, त्याने स्वतःला दीक्षित समजावं.

आणखी एक खूण सांगतो. मशीन सुरू केल्यावर तारीख 1 जानेवारी 2013 दिसू लागली आणि प्रत्येक वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून तोंड फिरवू लागली, तर घाबरू नये. व्हायरस नसतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर 2032, संपलेला असतो. घड्याळ मागे गेल्यामुळे वेबसाइटचं प्रमाणपत्र मशीनला भविष्यातलं वाटतं आणि ते नाकारलं जातं. हा सेल घड्याळाच्या दुकानात चहा-भज्यांच्या पैशात मिळतो. माझ्या ओळखीत एका गृहस्थांनी एवढ्यासाठी अख्खा कॉम्प्युटर बदलला. असे लोक व्रताला लागत नाहीत.

मुहूर्त

आपल्याकडे खरेदीचे मुहूर्त साडेतीन. न खरेदीचे मात्र बाराही महिने असतात, फक्त ते ओळखायला नजर लागते. माझी रोजनिशी नवसाधकांसाठी खुली करतो.

2011 च्या दिवाळीला घ्यायचं नक्की झालं होतं. त्याच ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला. हार्ड डिस्कचे मोठे कारखाने तिथे, ते पाण्याखाली गेले आणि डिस्कचे भाव बघता बघता दुपटीला टेकले. थांबलो. 2012 च्या दिवाळीच्या तोंडावर विंडोज 8 आली आणि तिच्यातून स्टार्टचं बटणच गायब! ज्या घराला दरवाजा नाही त्यात कोण राहायला जाईल? थांबलो. 2013 च्या ऑगस्टात डॉलर 68 रुपयांच्या पुढे गेला. शेवटी 2014 च्या पाडव्याला मुलाच्या इंजिनीअरिंगच्या नावाखाली घरच्यांनी माझं पहिलं व्रत मोडलं. हाच तो डबा.

दुसरं व्रत 2018 ला धरलं. त्या वर्षी जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर अशा भयपटासारख्या नावांचे दोष जाहीर झाले, तेही थेट प्रोसेसरच्या रचनेतले. म्हटलं, पुढच्या पिढीत दुरुस्त होऊन येईल, सदोष माल का घ्या? त्यातून ग्राफिक्स कार्डं आभासी चलन खणणाऱ्यांनी पळवलेली आणि रॅम महाग. 2020 ला सगळं जग घरून काम करायला लागलं, 2021 ला चिपांचा दुष्काळ पडला. मोटारीसुद्धा चिपेवाचून कारखान्यात उभ्या होत्या, तिथे माझी काय कथा! 2022 ला डीडीआर-फाइव्ह जातीची रॅम आणि तिच्यासाठी नवे बोर्ड बाजारात स्थिरावू लागले. नव्या सुनेला लगेच सगळ्या घराच्या किल्ल्या देत नाहीत, म्हणून वर्षभर बघायचं ठरवलं.

आणि मग 2023 उजाडलं. हा भाग हळू वाचावा. त्या वर्षी रॅम आणि एसएसडीचे भाव धाडधाड पडत होते. महिन्याला पाहावं तर आधीपेक्षा कमी. दुकानदार म्हणत होता, “काका, आत्ता घ्या, याहून स्वस्त काय होणार?” मी हसलो. भाव पडत असताना घेतो तो अडाणी. तळ येईपर्यंत थांबायचं असतं. तळ येऊन गेला. तो येऊन गेल्याचं मला वर्षभराने कळलं.

2025 संपता संपता काय झालं ते सर्वांना माहीत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरी पोत्याने लागते. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या कंपन्यांनी आपली क्षमता त्या फायद्याच्या मालाकडे वळवली. डिसेंबरात मायक्रॉनने तर तुमच्या-आमच्यासाठीचा क्रूशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅमचा भाव दुपटी-तिपटीत गेला. आता इतक्या महागात कोण घेणार? थांबलो.

भाव पडत होते म्हणून 2023 ला थांबलो आणि चढले म्हणून 2025 ला. सौभाग्यवतींना यात विसंगती दिसते. मला यात तत्त्वनिष्ठा दिसते.

साखळी ओळखणे

घरात कुणी कोपऱ्यात घेऊन म्हणालं की “अहो, नवा नको तर निदान प्रोसेसर तरी बदला,” तर शांतपणे पुढील युक्तिवाद करावा. तो शंभर टक्के खराही आहे, हे त्याचं वैशिष्ट्य. चौथ्या पिढीच्या सॉकेटमध्ये नवा प्रोसेसर बसत नाही, म्हणजे बोर्ड बदलायचा. नव्या बोर्डवर जुनी डीडीआर-थ्री रॅम चालत नाही, तिची खाचच वेगळ्या जागी असते, म्हणजे रॅम बदलायची. बोर्ड आला की वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा भरवसा नाही. तो बदलला की कॅबिनेट गंजकं दिसतं. म्हणजे बटण बदलायला गेलो आणि शेरवानी शिवून आलो. इथपर्यंत बोलून झालं की समोरचा उठून जातो.

तरी कुणी चिवट निघालाच तर मराठी फॉन्टचं डाँगल पुढे करावं. मी सोसायटीचा खजिनदार आहे. 2006 पासूनच्या सर्व सूचना (‘पाणी बुधवारी येणार नाही’ पासून ‘गॅलरीत कबुतरांना दाणे टाकू नयेत’ पर्यंत) एका जुन्या फॉन्टात आहेत. युनिकोडपूर्व काळात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्याच सूचना उघडल्या तर कबुतरांच्या जागी प्रश्नचिन्हं, डॉलर आणि फ्रेंच टोप्या घातलेली अक्षरं फडफडताना दिसतात. त्या फॉन्टचं सॉफ्टवेअर डाँगल (मशीनला खोचायची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही आणि नवी विंडोज ते डाँगल ओळखत नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक छापखान्यांत एक धुळकट मशीन केवळ याच कारणासाठी जिवंत ठेवलेलं असतं. यात थट्टा काही नाही.

निषेध

खंडेनवमीला मशीनची पूजा जरूर करावी, पण झेंडू पुढे वाहावा, मागे नाही. आमच्याकडे 2019 ला पाकळी पंख्यात गेली आणि डबा रहाट फिरवल्यासारखा ओरडू लागला. रॅम सैल झाली की ती काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवावा. हा उपाय ग्रंथात नसला तरी गुण येतो. मुलाला मात्र फोन करू नये. मुलगा पुण्यातून म्हणतो, “बाबा, लॅपटॉप घ्या ना, मी पाठवतो.” यातलं ‘मी पाठवतो’ हे फार घातक. व्रत स्वखर्चाने केलेलं असतं तेव्हाच फळतं.

पूर्वसूरी

थांबण्याची ताकद किती असते, याचा दाखला अमेरिकेतला आहे, पण माणूस जवळपास आपलाच. ॲडम ऑस्बोर्न. बालपण तमिळनाडूत, रमण महर्षींच्या तिरुवण्णामलईला गेलं. शेवटही 2003 ला कोडैकनालला. मध्ये अमेरिकेत जाऊन त्याने 1981 ला ऑस्बोर्न-वन नावाचा ‘हातात घेऊन जाण्याजोगा’ कॉम्प्युटर काढला. वजन सुमारे 11 किलो. हात कुणाचे ते विचारू नका. तो धडाक्यात खपला. पुढे कंपनीने याहून सरस मॉडेल येणार असल्याची वाच्यता आधीच केली आणि गिऱ्हाइकांनी ठरवलं, मग जरा थांबू या. सप्टेंबर 1983 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. जाणकार सांगतात की तेवढं एकच कारण नव्हतं. पण उद्योगात या प्रकाराला आजही ‘ऑस्बोर्न इफेक्ट’ म्हणतात. एक साधक नुसता थांबतो. हजार साधक थांबले तर कारखाना बसतो.

अधिक मास

आता व्रताला लागलेलं ग्रहण. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 नावाचं सुरक्षा-अंग लागतं. माझी पिढी चौथी. म्हणजे 2018 ला, सदोष म्हणून नाकारलेला तो आठव्या पिढीचा डबा घेतला असता, तर आज विंडोज 11 सुखाने चालली असती. ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही, तुम्हीही सांगू नका.

मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरणाऱ्यांना सुरक्षेच्या अपडेट्ससाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदतवाढ दिली, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. मी ताबडतोब नोंदवलं. योग असा की 2026 च्या पंचांगातही अधिक ज्येष्ठ आहे. अधिक मासात नवी खरेदी करत नाहीत, तेव्हा दोन्हीकडून शास्त्राधार मिळाला. एवढं मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो: मुदत संपलेल्या विंडोजवरून बँकेचे व्यवहार करू नका. तिथे थांबण्याचं नाव हलगर्जी.

उद्यापन

व्रताचं उद्यापन करायचंच तर आधी सुटं करावं, एकदम करू नये. जुन्या डब्याला खरा जीव येतो तो एका गोष्टीने, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातल्याने. जुनी तबकडी सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या पुढे जाते, आणि फुटकळ फायली हुडकण्यात तर तुलनाच नाही. हे मला 2016 पासून माहीत होतं.

गेल्या महिन्यात डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात पोचलो. रविवार होता. बरीचशी दुकानं बंद. वाराकडे माझं लक्ष गेलं नव्हतं असं मी घरी सांगितलं. सोमवारी सौ. बरोबर आल्या. काउंटरवरच्या पोराने माझी चौकशीची वही पाहिली, चौदा वर्षांची आकडेवारी पाहिली आणि म्हणाला, “काका, पूर्ण पीसी आत्ता नका घेऊ. रॅमचे भाव बघताय ना? थोडं थांबा.” मला भरून आलं. विकणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. सौ. मात्र त्याच्याकडे अशा पाहत होत्या की त्याने घाईघाईने 240 जीबीची एसएसडी काढून पुढे केली.

मुलाने शनिवारी येऊन ती वीस मिनिटांत बसवली. बटण दाबलं आणि पंचवीस सेकंदांत एक्सेल उघडलं. आधणाला अजून बुडबुडेही आले नव्हते, दूध बाहेरच होतं. स्वयंपाकघरातून विचारणा झाली, “अहो, बंद पडला का? आवाज येत नाही.”

मी खुर्चीत नुसता बसून राहिलो. ऑक्टोबर 2026 पर्यंत या डब्यावर थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेवढ्यात मॉनिटरच्या डाव्या कडेला एक बारीक हिरवी उभी रेघ दिसली. काच पुसून पाहिली, जात नाही. आता 24 इंची घ्यावा की 27, आयपीएस की व्हीए, याची वेगळी वही घातली आहे. सध्या भाव पाहतोय.