रुबी, टॉनी आणि नवापूरचा बाक

नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर एक प्रसिद्ध बाक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. लोक तिथं फोटो काढायला बसतात. मार्चअखेरच्या एका रणरणत्या दुपारी मात्र दोन गृहस्थ त्यावर बसले होते ते घाम पुसत. दोघांच्या मधे एक कापडी पिशवी होती, पिशवीत ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या दोन बाटल्या होत्या आणि दोघांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता : पिशवी नक्की कुठल्या राज्यात आहे?

प्रश्न साधा नव्हता. हे स्टेशन सुमारे ८०० मीटर लांब. त्यातले ३०० मीटर नंदुरबार जिल्ह्यात, उरलेले ५०० गुजरातच्या तापी जिल्ह्यात. तिकीट काढायचं महाराष्ट्रात आणि गाडीची वाट बघत बसायचं गुजरातेत. घोषणा चार भाषांत. रूळ आधी पडले, स्टेशन आधी झालं, आणि १ मे १९६० रोजी दोन राज्यं वेगळी झाली तेव्हा सीमारेषा थेट फलाटावर चढली. आता गुजरातेत दारूबंदी. महाराष्ट्रात सरसकट बंदी नाही, पण प्यायला सरकारी परवाना लागतो. तो एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आयुष्यभराचाही मिळतो. बाकावरच्या दोघांपैकी भाऊजींच्या पाकिटात आयुष्यभराचा परवाना होता, पॅनकार्डाच्या मागच्या कप्प्यात. तो बाकाच्या डाव्या अर्ध्या भागावर चालत होता. उजव्या अर्ध्यावर तो निव्वळ कागद होता.

मेहुण्याने हळूच पिशवी स्वतःकडे ओढली.

“माझ्या मांडीवर ठेव,” भाऊजी म्हणाले, “मी महाराष्ट्रात आहे.”

“तुमची टॉनी तुमच्या मांडीवर घ्या. माझी रुबी माझ्याकडे राहू दे.”

इथं थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. हे दोघे साले-मेहुणे गेली सात वर्षं दर दिवाळीला एकच भांडण करत आले आहेत : पोर्ट वाइन प्यावी तर कुठली? भाऊजी बँकेतून निवृत्त झाले, परदेशी असलेल्या लेकीनं त्यांना पोर्तुगालला फिरवून आणलं, आणि पोर्तो शहरासमोर नदीपलीकडच्या विला नोव्हा द गाया इथल्या अंधाऱ्या गोदामात त्यांनी वीस वर्षं लाकडी पिंपात मुरलेल्या टॉनीचा घोट घेतला. तेव्हापासून ते जेवणानंतर बडीशेप मागत नाहीत, नुसते उसासा टाकतात. मेहुण्याची दीक्षा त्याहून स्वस्तातली. कॉलेजच्या सहलीत, पणजीच्या बसस्टँडजवळ, काचेच्या चहाच्या ग्लासात. गोव्यात बनणारी ती गडद, गुळमट ‘पोर्ट’ म्हणजे खऱ्या पोर्टची फार तर मानलेली बहीण. ‘पोर्तो’ हे नाव आता भारताच्याही भौगोलिक मानांकनाच्या यादीत पोर्तुगालच्या खात्यावर नोंदलं गेलं आहे. पण जिभेला मानांकन कळत नाही. मेहुणा पुढं मिळवता झाला आणि खरी पोर्तुगीज रुबी परवडू लागली, तरी तिच्यात तो पणजीचा ग्लासच शोधत राहिला.

तसं बघता महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांची पोर्टशी ओळख कपाटातल्या औषधाच्या फळीवर झालेली असते. अशक्तपणावर दोन चमचे, बाळंतिणीला दोन चमचे, आणि आजोबांना कशावर ते न विचारता दोन चमचे.

तर धडगावच्या एका निवृत्त मास्तरांनी, भाऊजींच्या जुन्या मित्रानं, “मोह गळायला लागलाय, बघायला या” असं बोलावलं तेव्हा दोघांनी ठरवलं की वादाचा निकालही तिथंच लावायचा. तिसरा, तटस्थ माणूस तोलून सांगेल. मुंबईहून नंदुरबारला रेल्वेनं जायचं तर गाडी सुरतेवरून जाते, म्हणजे अर्धा दिवस दारूबंदीच्या राज्यातून. म्हणून नाशिक, धुळे, साक्री, कोंडाईबारी घाट असा सगळा रस्ता स्वराज्यातून काढला. आणि एवढं करून भाऊजींना तो बाक बघायची हुक्की आली. बाटल्या तापलेल्या गाडीत ठेवता येईनात, म्हणून त्याही बाक बघायला आल्या.

धुळ्याहून घेतलेला गाडीवाला नवापूर सोडल्यावर बराच वेळ गप्प होता. मागच्या सीटवर चर्चा रंगली होती.

“रुबी कशी तरुण आहे, अंगानं भरलेली. रंग बघा तिचा!”

“तरुण आहे, पण उथळ. टॉनी बघ. वय झालंय, रंग उतरलाय, पण काय खोली आहे!”

“वीस वर्षं लाकडात पडून राहिलं की खोली येणारच. माझी रुबी गोड आहे.”

विसरवाडी आली तेव्हा गाडीवाल्याला राहवेना. त्यानं आरशातून बघत विचारलं, “भाऊ, मंग त्या पोरनं लगीन म्हातारासंगे काब करी राह्यनात?”

भाऊजींनी खुलासा करायला घेतला आणि नंदुरबार येईपर्यंत त्या माणसाला पोर्टचं सगळं शास्त्र ऐकून घ्यावं लागलं. दोउरू नदीच्या उतारावरची द्राक्षं. पूर्वी ती दगडी हौदात पायांनी तुडवत, काही ठिकाणी अजूनही तुडवतात. रस आंबायला लागतो, साखरेची दारू होऊ लागते, आणि दोन-तीन दिवसांत, साखर बरीच शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षांचीच कडक स्पिरिट ओततात. जुना हिशेब असा की ४३५ लिटर रसाला ११५ लिटर स्पिरिट, मिळून ५५० लिटरचं एक पिंप. आंबवणारे जंतू तिथंच बेशुद्ध पडतात, साखर वाचते, आणि गोड असूनही वीस टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेली वाइन तयार होते. मग घराण्यं वेगळी होतात. रुबी मोठ्या टाक्यांत, हवेपासून जपून ठेवतात, म्हणून लाल आणि फळांच्या चवीची राहते. टॉनी लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं पडून असते. लाकडाच्या रंध्रांतून हवा आत जाते, लाल रंग विटून पिंगट होतो, चव मनुका, अक्रोड, जळक्या साखरेकडे झुकते. बाटलीवर १०, २०, ३०, ४० असे वर्षांचे आकडे असतात.

“आणि इंग्रज लोक पोर्तोतल्या ‘फॅक्टरी हाउस’ नावाच्या १७९०च्या दगडी हवेलीत बुधवारी जेवायला जमतात आणि लेबल न बघता पोर्टचं साल ओळखायची पैज लावतात,” भाऊजींनी समारोप केला.

“नि वळखू नही आनं तर?” गाडीवाल्यानं विचारलं. बँकेतल्या माणसाला या शंकेचं उत्तर सुचलं नाही.

नंदुरबारजवळ मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. मैदानंच्या मैदानं लाल. हंगाम सरत आला होता, तरी हवेत तिखट होतंच. पोर्ट जोखायची ती नाकानं, हे सांगायला भाऊजींनी तोंड उघडलं आणि त्यांना सलग अकरा शिंका आल्या. मेहुण्याला सात. वादातल्या दोन्ही पक्षांची नाकं तिथंच बाद झाली.

तापी ओलांडली, तळोदा मागं पडलं आणि चांदसैली घाट सुरू झाला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल दरी, मधे रस्त्याची आठवण. अशा जागी भाऊजींना जोसेफ जेम्स फॉरेस्टर आठवावा हे त्यांच्या स्वभावाला धरून होतं. हा पोर्तोचा इंग्रज व्यापारी. १८४४मध्ये त्यानं पुस्तिका काढून सांगितलं की पोर्टमध्ये स्पिरिट ओतणं हाच भ्रष्टाचार आहे, वाइन आपली आपण पुरी आंबू द्या, कोरडी होऊ द्या. सगळा बाजार त्याच्यावर उठला, कारण बाजाराला गोड हवं होतं. १८६१मध्ये दोउरूच्या खळाळात त्याची नाव उलटली आणि तो बुडाला. कमरेला पैशांचा पट्टा होता, त्याच्या वजनानं तळाशी गेला म्हणतात. त्याच नावेतल्या दोना आंतोनिया फरेरा मात्र घेरदार झग्यामुळं तरंगत काठाला लागल्या, अशी आख्यायिका आहे.

“म्हणजे जन्मभर कोरडी मागणारा शेवटी पाण्यात गेला,” मेहुणा म्हणाला.

गाडीवाल्यानं दरीकडं बघत वेग कमी केला.

मास्तरांच्या अंगणात पोहोचले तेव्हा ऊन कलतं होतं. अंगणभर मोहाची फुलं पसरली होती. पहाटे झाडाखाली गळलेली फुलं बायका-पोरांनी टोपल्या भरभरून वेचून आणलेली. आजची फुलं पांढरट-पिवळी, रसानं टच्च, द्राक्षाएवढी. पलीकडं चार दिवसांपूर्वीची, सुरकुतलेली, तांबूस. आणि ओट्याशी पोत्यात भरायला तयार झालेली, पार पिंगट, मनुकांसारखी. वास असा गोड आणि जड की मिरचीनं बंद पडलेली दोन नाकं पुन्हा चालू झाली.

चहा झाला. भाऊजींनी घसा साफ करून विषय काढला. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, “आमच्या घरात कोणी घेत नाही.”

तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३०च्या दशकात दारू सोडा म्हणून आदिवासींमध्ये शिकवण दिली, तिला हजारो माणसं जोडली गेली. मास्तरांचे आजोबा त्यांतलेच. तीन पिढ्या कोरड्या. शेकडो किलोमीटर बाटल्या मांडीवर सांभाळून दोघांनी न्यायाधीश गाठला होता तो असा.

पण न पिणाऱ्या घरालाही मोहाचं सगळं ठाऊक असतं, कारण ते ठाऊक असणं हा सातपुड्यात संसाराचा भाग आहे. फुलं भाजून खातात, भाकरीत घालतात, बियांचं तेल काढतात. देवाला मोहाची धार लागते. सीमेपलीकडच्या देवमोगऱ्याला याहामोगी मातेच्या जत्रेत ती वाहतात, आणि ते गाव दारूबंदीच्या गुजरातेत आहे. (देवीला परवाना कोण मागणार!) महाराष्ट्र सरकारनं २०२१मध्ये फुलं वेचण्या-साठवण्यावरची बंधनं काढली. नर्मदेपल्याड मध्य प्रदेशातल्या अलीराजपूरला तर मोहाची दारू ‘मोंड’ या नावानं देखण्या बाटलीत विकायला आली. आपल्या बाजूला घरी गाळणं कायद्यात बसत नाही, हे मास्तरांनी मास्तरांच्याच आवाजात सांगितलं.

“तुमच्या पोर्टवाल्यांची एक गंमत वाटते,” ते पुढं म्हणाले. “आंबणं अर्ध्यात थांबवतात आणि गोडवा ठेवतात. इथं फुलं पुरती आंबू देतात, गोडाचा मागमूस ठेवत नाहीत, मग चुलीवर चढवतात. गोडवा जातो, वास तेवढा राहतो. आणि त्यातही पहिल्या धारेची पाहिजे म्हणणारे वेगळे, मधलीच बरी म्हणणारे वेगळे. तेही भांडतातच.”

मास्तरांच्या आई ओट्यावर बसून फुलं चाळत होत्या. वय ऐंशीच्या पुढं. भाऊजींना एकदम युक्ती सुचली : प्यायची नाही, नुसता वास घ्यायचा. आजींनी हसून मान डोलावली.

टॉनीचं बूच हातानं निघालं. वर लाकडी टोपी, खाली आखूड बूच, पुन्हा लावता येणारं. मेहुण्यानं मात्र या वेळी प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून साधी रुबी सोडून तिची थोरली बहीण आणली होती : लेट बॉटल्ड व्हिंटेज, एकाच सालाच्या द्राक्षांची, चार ते सहा वर्षं लाकडात ठेवून मग बाटलीत भरलेली. तिला लांब, घट्ट, आत रुतलेलं बूच. आणि बूच काढायचा स्क्रू घरी, फ्रिजच्या वर. धडगावच्या बाजारात विळे मिळाले, कोयते मिळाले, बैलांच्या घंटा मिळाल्या. शेवटी गाडीवाल्यानं गाडीतला लाकडाचा स्क्रू बुचात पिळला आणि पक्कड लावून ओढला. अर्धं बूच बाहेर आलं, अर्धं आत तरंगू लागलं. ती वाइन चहाच्या गाळणीतून स्टीलच्या पेल्यात ओतली गेली. जाणकार मंडळीही जुनी पोर्ट गाळूनच ओततात, हे भाऊजींनी कबूल केलं, पण ‘चहाच्या’ या शब्दावर त्यांचा जीव अडकला.

आजींनी रुबीचा पेला नाकाशी नेला. मुलाला काहीतरी सांगितलं. मास्तरांनी भाषांतर केलं : करवंद. पिकलेलं, जाळीतलं, हात काळे करणारं.

मेहुण्याची छाती फुगली.

टॉनीचा पेला आजींनी जास्त वेळ धरला. मग काही न बोलता ओट्याशी असलेल्या पोत्यात हात घातला, मूठभर सुकी पिंगट फुलं काढली आणि पेल्याशेजारी धरली. रंग तोच. भाऊजी वाकले, वास घेतला आणि उठायचं विसरले. वीस वर्षं लाकडात घडणारी गोष्ट इथं आठवड्याभरात उन्हात घडत होती, आणि विलायती गोदामाची त्यांची सगळी ऐट मोरवडच्या वाटेवरच्या कुठल्याही अंगणात पोत्यानं भरलेली होती.

“मग आजींना कुठला वास आवडला?” मेहुण्यानं अधीर होऊन विचारलं.

मास्तरांनी विचारलं. आजी बराच वेळ बोलल्या. भाषांतर आखूड आलं : “ताजी फुलं खायला गोड, सुकी साठवायला बरी. पाऊस लागला की कुठली आवडते असं कोणी विचारत नाही. पण ती म्हणते, तुम्ही दोघं तुमची संपवून टाका. तिला बाटली पाहिजे. मोहाचं तेल ठेवायला.”

रात्री पाहुण्यांनी अंगणाबाहेर, चिंचेखाली, माठातल्या पाण्यात बाटल्या गार करून घेतल्या. गाडीवाल्यानं पेला नाकारला, पण दोन्हींचा वास घेतला आणि रुबीच्या बाजूनं कौल दिला, कारण त्याचं लग्नाबद्दलचं मत अजून बदललं नव्हतं. भाऊजींनी तिसऱ्या घोटाला रुबी चाखली आणि “वाईट नाही” इतपत आले. मेहुणा टॉनीबद्दल तेवढंही बोलला नाही, फक्त पेला दोनदा पुढं केला.

सकाळी आजींसमोर दोन्ही रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवल्या. आजींनी रुबीची बाटली उचलली, आत चिकटलेला बुचाचा तुकडा बघितला आणि परत केली. टॉनीची लाकडी टोपी काढून पाहिली, घट्ट लावून पाहिली, बाटली उलटी धरून हलवून पाहिली आणि आत घेऊन गेल्या.

घाट उतरताना भाऊजी शीळ घालत होते.

“बुचावर दिलेला निकाल मी मानत नाही,” मेहुणा म्हणाला. “दिवाळीला बघू.”

गाडीवाल्यानं आरशात पाहिलं. “म्हणजे लगीन दिवाळीले?”